गावतळ्याचे पाणी आणि पहाटेचा प्राणवायू

भाद्रपदात दोन-तीन दिवस आभाळ भरून राहावे, वारा पडावा आणि पुढच्या दिवशी उजाडताना तळ्याच्या काठी पांढऱ्या पोटाचे मासे तरंगताना दिसावेत, हा प्रसंग पूर्व विदर्भातील तळ्यांच्या प्रदेशाला नवा नाही. ठेका घेतलेल्या ढीवर बांधवांची वर्षाची कमाई एका रात्रीत जाते. ‘कोणीतरी विष कालवले’ असा बोभाटा होतो, जुन्या भांडणांतील नावे पुढे येतात आणि प्रकरण ग्रामपंचायतीपुढे, क्वचित पोलीस ठाण्यापर्यंतही जाते. विषप्रयोग होतच नाहीत असे नव्हे. परंतु अशा पहाटेचे कारण बहुधा पाण्यातच असते.

पाण्याला हिरवा रंग देणारे सूक्ष्म शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते आणि रात्री इतर जीवांप्रमाणेच तो वापरते. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू तिसऱ्या प्रहरी सर्वांत अधिक व सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी असतो. ढगाळ दिवसांत नवी भर पडत नाही, खर्च मात्र चालूच राहतो. शिवाय पाणी जितके उष्ण तितका प्राणवायू त्यात कमी मावतो: २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. कटला, रोहू, मृगळ यांच्या वाढीसाठी हे प्रमाण ५ मिलिग्रॅमच्या वर असणे इष्ट होय. ते ३ च्या खाली गेले की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

गुदमरणे आणि विषबाधा यांतील भेद ओळखण्याच्या काही खुणा पंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवाव्यात. प्राणवायूअभावी होणारी मर पहाटे होते, मोठे मासे आधी दगावतात आणि त्याआधी मासे वर येऊन धापा टाकताना दिसतात. विषाला वेळेचे बंधन नसते व लहान मासे, बेडूक, पाणकिडेही त्यात सापडतात. या खुणा निर्णायक पुरावा नव्हेत. संशय उरल्यास पाण्याचा नमुना तत्काळ घेऊन तपासणीस पाठवावा. पण कोणाचे नाव घेण्यापूर्वी एवढे पाहून घेतले तरी गावातील पुष्कळ वैर टळेल.

मासे वर आलेले दिसताच खाद्य व शेणखत बंद करावे आणि पंपाने तळ्याचेच पाणी उपसून फवाऱ्यासारखे परत सोडावे. ऊन पडेपर्यंत हा उपाय चालू ठेवावा. ताजे पाणी उपलब्ध असल्यास उत्तमच.

खरे काम मात्र आधीचे आहे. गोठ्याचे व गटाराचे पाणी तळ्यात येऊ देणे, गणपती-देवीचे निर्माल्य त्यात टाकणे, ‘मासे वाढतील’ म्हणून शेणाच्या पाट्या ओतणे, या सर्वांचा हिशोब कुजणाऱ्या द्रव्यांत होतो व कुजण्याला प्राणवायूच लागतो. पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान असावा. तो कमी असल्यास माती-पाणी तपासून चुन्याची मात्रा ठरवावी. अंदाजाने चुना टाकू नये.

शाळांना येथे चांगले काम आहे. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती घेऊन तिचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवावेत व खुणा केलेल्या दोरीने ती पाण्यात सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली ३० ते ४० सेंटिमीटर असल्यास शेवाळ योग्य समजावे. २० हून कमी आणि पाणी हिरवे असल्यास खत थांबवावे. पाणी तांबूस गढूळ असेल तर दोष शेवाळाचा नसून वाहून आलेल्या मातीचा असतो, हे मुलांना अवश्य सांगावे.

गळाने मासे धरण्याच्या हौसेलाही हे सारे लागू आहे. १८९१ च्या सुमारास बांधलेल्या मुंबईच्या पवई तलावावर हौशी गळकऱ्यांची जुनी परंपरा आहे. त्याच तलावाला पुढे सांडपाणी आणि जलपर्णी यांनी ग्रासले. लहान तळ्यात तर आमिष म्हणून टाकलेले किलो-किलो पीठही तळाशी कुजते. धरलेला मासा परत सोडायचा असल्यास तो ओल्या हातानेच हाताळावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो व रोग शिरतो. मे महिन्यातील तापलेल्या, आटलेल्या तळ्यावर ही हौस न केलेली बरी.

भंडारा-गोंदिया भागात काही ढीवर मंडळींनी, त्यांत स्त्रियाही, माजी मालगुजारी तलावांतील बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या आहेत. सर्वच वनस्पती शत्रू मानून तळे ‘स्वच्छ’ करणाऱ्यांनी ते काम जाऊन पाहावे. पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, मरळीसारख्या देशी माशांना आसरा देतात. पृष्ठभाग झाकणारी जलपर्णी मात्र ऊन अडवते. ती मुळासह काढून काठापासून दूर टाकावी, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात ती पुन्हा तळ्यात येते.