डेलॉसची माणसं गेली कुठे?

प्रश्न : ग्रीसचं डेलॉस बेट पाहिलं. घरं, देवळं, नाट्यगृह सगळं आहे, पण वस्ती नाही. पर्यटकांना मुक्कामही करता येत नाही. एवढं शहर ओस कसं पडलं? आपल्या घारापुरीचंही असंच झालं का?
– एक वाचक, बॉथेल (अमेरिका)

उत्तर : डेलॉस म्हणजे जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचा खडक. शेतीला माती नाही, पाणी बेताचं. अपोलोचं जन्मस्थान म्हणून त्याला क्षेत्राचं माहात्म्य आलं, पण या पावित्र्याचा जाच तिथल्याच लोकांना झाला. इ.स.पू. 426च्या सुमारास अथेन्सने बेटावरची थडगी उकरून शेजारच्या रेनियाला हलवली आणि फर्मान काढलं : इथे कुणी जन्मायचं नाही, मरायचंही नाही. दिवस भरलेल्या बायका आणि शेवटच्या घटका मोजणारी माणसं होडीतून रेनियाला न्यायची. काही वर्षांनी तर रहिवाशांनाच हाकललं. पुढे परत येऊ दिलं.

खरी भरभराट झाली ती इ.स.पू. 166च्या सुमारास रोमने डेलॉस जकातमाफ बंदर केल्यावर. श्रीमंतांच्या घरांतल्या रंगीत खड्यांच्या फरश्या बहुतेक त्याच काळातल्या. चौकात पडणारं पावसाचं पाणी खालच्या टाक्यांत साठे. या पैशात गुलामांच्या बाजाराचा मोठा वाटा होता. दिवसाला दहा हजार माणसांची ने-आण करण्याची त्या बंदराची ताकद होती, असं प्राचीन भूगोलकार स्ट्रॅबोने लिहिलंय. त्या सुंदर फरश्या पाहताना हे विसरू नये.

इ.स.पू. 88मध्ये रोमचा शत्रू असलेल्या राजा मिथ्रिडेटीसच्या फौजेने आणि 69मध्ये चाच्यांनी बेट लुटलं. लुटलेली शहरं पुन्हा उभी राहतात. डेलॉस राहिलं नाही, कारण पूर्वेकडची जहाजं आता थेट इटलीला जाऊ लागली होती आणि बेटावर स्वतःचं असं काही पिकत नव्हतं. तुमच्या बॉथेलचा धक्काही असाच सुटला. 1916मध्ये जहाजांसाठी खणलेल्या कालव्यामुळे लेक वॉशिंग्टनचं पाणी सुमारे 9 फूट उतरलं, सॅमॅमिश नदी उथळ झाली आणि आगबोटी थांबल्या. गाव मात्र टिकलं, कारण रेल्वे आधीच आली होती.

घारापुरी ओस पडलेली नाही. तिथेही बंदर होतं. भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरं सापडली आहेत. ते वैभव सरलं, पण शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या वाड्यांत आजही लोक राहतात. समुद्राखालून टाकलेल्या केबलने वीज पोचायला मात्र 2018 उजाडलं. पुढच्या भारतभेटीत लेणी पाहून लगेच लाँच पकडू नका. पूर्वेच्या टेकडीवर जुन्या स्तूपाचे अवशेष आहेत, तेही पाहून या.