फोटोंचं इंडेक्सिंग रखडलंय? नवीन मशीन घेण्याआधी ही 5 कामं करा

आपल्या गंगापूर रोडवर लॉन्सची रांग आहे, त्यामुळे फोटोग्राफरही भरपूर. आपल्या बॅचमधल्या अशाच एकाकडे जुने ग्राहक आले. "2015 च्या सिंहस्थात रामकुंडावर आमच्या वडिलांचा फोटो तुम्ही काढला होता, मिळेल का?" वडील आता नाहीत. फोटो हार्डडिस्कवर होता, पण स्वतःच्या मशीनवर टाकलेल्या ‘इमिच’चं इंडेक्सिंग चार दिवस झाले तरी चालूच!

आधी हिशोब बघा. एका फोटोला 2 सेकंद धरले, तर 1 लाख फोटोंना 2 लाख सेकंद, म्हणजे साधारण 55 तास. तेच अर्ध्या सेकंदावर आणलं तर 14 तास. कसं आणायचं?

1. डेटाबेस एसएसडीवर ठेवा. मूळ फोटो साध्या हार्डडिस्कवर चालतील. पण इंडेक्सिंग म्हणजे हजारो बारीक नोंदी, आणि हार्डडिस्कचं हेड इकडून तिकडे पळत बसतं. डेटाबेस आणि थंबनेल एसएसडीवर हलवा. डेटाबेस नेटवर्क ड्राइव्हवर तर कधीच नको. हलवण्याआधी बॅकअप घ्या आणि इमिच पूर्ण बंद करा.

2. कामांचा क्रम लावा. आधी मेटाडेटा (तारीख, कॅमेरा, ठिकाण) आणि थंबनेल होऊ द्या. चेहरे ओळखणं आणि स्मार्ट सर्च ही जड कामं पॉज करा, रात्री सुरू करा. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना निम्म्या वेळा नुसत्या तारखेवर काम भागतं.

3. एकावेळी किती कामं, हे हळूहळू वाढवा. जॉबच्या सेटिंगमध्ये कॉन्करन्सी असते. 2 वरून 3, मग 4. प्रत्येक वेळी प्रोसेसर आणि रॅम बघा. रॅम भरली की वेग वाढत नाही, उलट मशीन लटकतं.

4. एडिटिंगचा पीसी रात्री कामाला लावा. इमिचचा मशीन लर्निंगचा भाग दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवता येतो. ग्राफिक्स कार्ड असेल तर फरक लगेच दिसतो. मात्र या भागाला स्वतःची सुरक्षा नाही, आणि फोटोंच्या छोट्या प्रती त्याच्याकडे जातात. म्हणून तो दुकानाच्या नेटवर्कमध्येच ठेवा, इंटरनेटवर उघडा टाकू नका. ग्राहकाच्या घरचे फोटो आहेत ते.

5. ‘ऑल’ नाही, ‘मिसिंग’ दाबा. ‘ऑल’ दाबलं की झालेलं कामही पुन्हा पहिल्यापासून. बाहेरचे फोल्डर जोडले असतील तर रिजेक्ट आणि टेम्पचे फोल्डर वगळायचा नियम लावा. जो फोटो कुणालाच दाखवायचा नाही, त्याचं इंडेक्सिंग कशाला?

आणि हो, इंडेक्स म्हणजे बॅकअप नव्हे! मूळ फोटोंची एक प्रत दुकानाबाहेर हवीच.

आपल्या फोटोग्राफरने पहिली दोनच कामं केली. दुसऱ्या दिवशी 2015 चा ऑगस्ट-सप्टेंबर उघडला, आणि तासाभरात फोटो सापडला. चेहरे ओळखायची गरजच पडली नाही. ग्राहकांनी मोठी फ्रेम करून घेतली, आणि घरातल्या लग्नाची तारीखही तिथेच सांगून गेले.

पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय, फोटोंचा ढीग आणखी वाढणार. आजचा गृहपाठ: तुमचा डेटाबेस कुठल्या डिस्कवर आहे, ते तपासा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.