मे महिन्यात चेंडू लांब का जातो?

अकोला-अमरावतीचा उन्हाळा तुमच्या परिचयाचा आहेच. मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर थंडीत पहाटे तो १० अंशांपर्यंत उतरतो. समजा, या दोन्ही वेळी एकाच मैदानावर, सारख्याच वेगाने व सारख्याच कोनात बेसबॉल टोलवला. तो सारख्याच अंतरावर पडेल काय?

नाही. उन्हाळ्यात तो अधिक लांब जाईल. चेंडूला हवा अडवते आणि हा विरोध हवेच्या घनतेप्रमाणे कमीजास्त होतो. दाब तोच असेल, तर घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. १० अंश सेल्सिअस म्हणजे २८३ केल्विन आणि ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन. २८३ ला ३१८ ने भागल्यास ०.८९ येतात. म्हणजेच मे महिन्यातील दुपारची हवा सुमारे ११ टक्के विरळ असते.

उंचीचाही असाच परिणाम होतो. सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याला हवेचा दाब समुद्रकाठच्यापेक्षा सुमारे १२ टक्के कमी असतो. अमेरिकेतील डेन्व्हर शहर तर १६०० मीटर उंचीवर आहे. तेथे १९९५ साली कूर्स फील्ड हे बेसबॉलचे मैदान सुरू झाले आणि धावांचा पाऊस पडू लागला. कोरडा चेंडू बॅटवरून अधिक उसळतो. म्हणून २००२ पासून तेथे चेंडू दमट खोलीत ठेवू लागले आणि धावा काहीशा कमी झाल्या.

मग हे विज्ञान ठाऊक असणाऱ्याला सट्ट्यात पैसे मिळतील काय? येथेच अनेकजण फसतात. मैदानाचे गुण सट्टा घेणाऱ्यालाही ठाऊक असतात. अपेक्षित धावांचा आकडा तो आधीच वाढवून ठेवतो. तिकडे साधारणपणे ११० लावावे, तेव्हा जिंकल्यास १०० मिळतात. असे १०० डाव खेळून निम्मे जिंकले, तर ५००० मिळतील आणि ५५०० जातील. नुसते बरोबरीत सुटायलाही १०० पैकी ५२ हून अधिक डाव जिंकावे लागतात! आपल्याकडे तर सामन्यांवरील सट्टा बेकायदाही आहे.

करून पाहा : रबराचे दोन सारखे चेंडू घ्या. एक तासभर बर्फात व दुसरा उन्हात ठेवा. दोन्ही पुसून कोरडे करा आणि एक मीटर उंचीवरून फरशीवर सोडा. कोणता अधिक उसळतो? प्रत्येकी दहा वेळा मोजून सरासरी काढा. उन्हाळ्यात चेंडू लांब जाण्याचे दुसरे कारण तुम्हाला सापडेल.