पेंग्विनचे फोटो काढायचेत? सुरुवात येडशीपासून करा

"मुलगी म्हणते, पेंग्विनचे फोटो काढणार. यावर पोट भरेल का?" कळंब, उमरगा, तुळजापूरकडच्या पालकांना माझे उत्तर सरळ आहे. नुसत्या फोटोंवर सुरुवातीची बरीच वर्षे भरणार नाही. मासिकांचे मानधन तुटपुंजे असते. या क्षेत्रातले बहुतेक जण कार्यशाळा, जंगल सहली, माहितीपट आणि संस्थांची कामे यांवर घर चालवतात. तरीही मुलीला गप्प बसवू नका. तिला आधी एक पक्के शिक्षण घेऊ द्या, कारण पेंग्विनपर्यंत नेणारी वाट पुष्कळदा नोकरीतूनच जाते.

जर्मनीचा स्टेफान ख्रिस्टमान भौतिकशास्त्र शिकला. अंटार्क्टिकावरच्या नॉयमायर संशोधन केंद्रात तो भूभौतिकीच्या कामासाठी अख्खा हिवाळा राहिला. तिथून जवळच अटका उपसागरात एम्परर पेंग्विनची वसाहत आहे. पुढे तो पुन्हा तिथे गेला आणि आणखी एक हिवाळा काढला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत 2019 मध्ये त्याच्या पेंग्विन-चित्रमालेला पोर्टफोलिओ पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे हे दार गोव्यात आहे. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत भारताच्या अंटार्क्टिका मोहिमा जातात. त्यांत शास्त्रज्ञांबरोबर डॉक्टर, वाहन मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, क्रेनचालक, आचारी असे लोक कंत्राटी पद्धतीने घेतले जातात. म्हणजे आयटीआयचा डिझेल मेकॅनिकसुद्धा तिथे पोहोचू शकतो, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या किती पालकांना ठाऊक आहे? मात्र भारताच्या तिथल्या केंद्रांपैकी 'मैत्री' हे समुद्रापासून सुमारे 100 किलोमीटर आत आहे. 'भारती' किनाऱ्यालगत असल्याने ॲडेली पेंग्विन दिसण्याची संधी तिथे जास्त. गेल्यावर दिलेले काम आधी, कॅमेरा फावल्या वेळात, आणि फोटो छापायला देण्यापूर्वी संस्थेची परवानगी. 2022 च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याने तिथल्या पक्ष्यांना त्रास देण्यावर बंदी आहे. पर्यटक म्हणून जायचे तर खर्च काही लाखांत जातो. त्या मानाने दक्षिण आफ्रिकेतला केपटाउनजवळचा बोल्डर्स बीच आवाक्यातला. तिथल्या आफ्रिकी पेंग्विनची नोंद 2024 पासून अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाली आहे, त्यामुळे त्यांच्यावरच्या चांगल्या कामाची गरजही मोठी आहे.

हे सगळे पुढचे. आज काय करायचे? बोरी नदीवरच्या नळदुर्गच्या धरणावर किंवा तेरच्या तेरणा प्रकल्पावर सकाळी जाऊन शेकाट्याचे फोटो काढायचे. शेकाट्याचे पंख काळे, पोट पांढरे. उन्हात पाण्यावर त्याला टिपताना पांढरा भाग फटफटीत होतो, नाहीतर काळ्यातला तपशील बुडतो. पेंग्विनच्या फोटोतही नेमकी हीच अडचण येते. वर बर्फामुळे कॅमेरा फसतो आणि पांढरे करडे दाखवतो, म्हणून तिथे एक्स्पोजर थोडे वाढवावे लागते. ज्याला बगळा आणि शेकाट्या नीट जमला, त्याचा हात बर्फावर अडणार नाही.

छापून येण्याबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. संपादकांकडे ताडोबातल्या वाघांचे फोटो ढिगाने पडलेले असतात. माळरानावरचा लांडगा, खोकड, काळवीट आणि त्यांच्या शेजारी राहणारा मेंढपाळ यांची पाच-सहा चित्रांत सांगितलेली गोष्ट क्वचितच येते. डिसेंबर 2024 मध्ये येडशी-रामलिंग अभयारण्यात दिसलेला वाघ आठवा. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेल्या या वाघाला वन विभागाच्या ट्रॅप कॅमेऱ्याने टिपले आणि तो फोटो राज्यभर गाजला, कारण त्यामागे बातमी होती. मुंबईच्या नयन खानोलकरांनीही कॅमेरा ट्रॅप लावूनच आरे कॉलनीतल्या गल्लीत शिरणारा बिबट्या टिपला. त्या चित्राला लंडनच्या त्याच स्पर्धेत 2016 मध्ये शहरी विभागाचा पुरस्कार मिळाला. वन्यजीव छायाचित्रणात नाव कमावलेले बैजू पाटील तर आपल्या मराठवाड्यातलेच, छत्रपती संभाजीनगरचे.

फोटो पाठवताना प्रजाती, ठिकाण, तारीख आणि प्राणी काय करत होता, हे दोन-तीन वाक्यांत लिहा. मूळ रॉ फाइल जपून ठेवा, स्पर्धेत ती मागतात. आमिष दाखवून काढलेले किंवा घरट्याला धक्का लावून काढलेले फोटो पाठवू नका. ते काढूच नका. अभयारण्यात कॅमेरा नेण्याआधी वन विभागाचे नियम विचारून घ्या.

हक्कांचेही समजून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. पण नोकरीत असताना त्या कामाचा भाग म्हणून किंवा कोणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, सहसा मालकाकडे किंवा काम देणाऱ्याकडे जातो. म्हणून सही करण्यापूर्वी मुदत आणि वापर लेखी मागा.

शिक्षणासाठी प्राणिशास्त्रात बीएस्सी आणि पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतले एमएस्सी, हा मला सर्वांत भक्कम मार्ग वाटतो. कॅमेऱ्याचेच शिक्षण हवे असेल तर पुण्यात भारती विद्यापीठाचे छायाचित्रण महाविद्यालय आहे.

आणि पालकहो, लेन्ससाठी शेत गहाण ठेवू नका. जुना, चालू स्थितीतला कॅमेरा आणि 300 मिलिमीटरपर्यंतची साधी झूम लेन्स पहिल्या वर्षांना पुरते. लंडनच्या स्पर्धेत 17 वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश शुल्क नाही. मुलगी अजून शाळेत असेल तर तिचे चांगले फोटो आताच पाठवायला लावा.