पोचलेले, पण न वाचलेले

ज्या मनुष्याने आयुष्याची तेहतीस वर्षे धुळ्याच्या महसुली कचेरीत टपाल नोंदविण्यात, प्रकरणे मांडण्यात आणि दफ्तर लावण्यात घालविली, त्याच्याच नावावर आलेले एक पत्र वाचले न गेल्यामुळे त्याच्या थोरल्या भावाचा केळीच्या विम्याचा दावा निकालात निघावा, ही गोष्ट मला अद्याप पचलेली नाही. गेल्या काही महिन्यांत नातलगांनी, शेजाऱ्यांनी, आणि ज्यांना या प्रकरणातले एक अक्षर ठाऊक नाही अशा परिचितांनीही, ‘तुम्ही मेल बघितला नाही ना?’ एवढ्या एका प्रश्नात सारा निवाडा करून टाकला आहे. माझा दोष जेवढा आहे तेवढा मला कबूल आहे. जेवढा नाही तेवढा पदरात घेण्यास मी तयार नाही, म्हणून ही कैफियत.

आमचे शेत चोपडे तालुक्यात, तापीच्या काठी. गेल्या वर्षी मृग लागण्याच्या तोंडावर जे वादळ सुटले त्याने कापणीस आलेली केळीची मृगबाग घडांसकट आडवी केली. नियमाप्रमाणे ७२ तासांच्या आत सूचना द्यावी लागते. ती मी दुसऱ्याच दिवशी दुपारी दिली. पंचनामा झाला, फोटो निघाले, सह्या झाल्या. थोरले भाऊ आप्पा स्वतः ईमेल वापरत नसल्यामुळे अर्जावर पत्ता माझा होता आणि मोबाइल क्रमांक त्यांचा. पुढे जे घडले त्याचे मूळ या एका ओळीत आहे.

ऑक्टोबरात आम्ही दोघे जळगावला विमा कंपनीच्या कार्यालयात गेलो. टेबलापलीकडे पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक तरुण होता. त्याने अर्जाचा क्रमांक घातला, क्षणभर पाहिले आणि म्हणाला, “काका, हे क्लोज झालंय. तुम्हाला मेल गेला होता.” मी म्हणालो, “मला कोणतेही पत्र मिळालेले नाही.” त्याने पडदा माझ्याकडे वळविला. जुलैच्या मध्यावर पाठविलेले पत्र तेथे होते : बँकेच्या खात्यावरील नाव व सातबाऱ्यावरील नाव यांत तफावत आहे, सबब रद्द केलेला धनादेश व प्रतिज्ञापत्र १५ दिवसांत सादर करावे. मी तेथेच खिशातला फोन काढून कंपनीचे नाव शोधले. पत्र होते. ठळक अक्षरांत, न उघडलेले, जाहिरातींच्या कप्प्यात, एका बँकेच्या कर्जाच्या आमंत्रणाखाली आणि एका साडीदुकानाच्या श्रावणातल्या सवलतीवर. न वाचलेल्या पत्रांचा आकडा त्या दिवशी चौदा हजारांच्या पुढे होता. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, माझ्या फोनकडे पाहिले, आणि रागावून नव्हे, केवळ आश्चर्याने म्हणाले, “तू त कागदस्ना मानूस शे.”

चोपड्याच्या गाडीत बसेपर्यंत ते दुसरा शब्द बोलले नाहीत. हे एक वाक्य मला अन्य कोणाच्याही बोलण्यापेक्षा अधिक लागले, कारण ते खरे होते.

परंतु त्याच पडद्यावर, जुलैच्या पत्राच्या खाली, आणखी एक नोंद होती, जी त्या तरुणाने आपण होऊन वाचून दाखविली नाही; मीच ती वाचली. ऑगस्टात पाठविलेले स्मरणपत्र परत आले होते. घेणाऱ्याच्या पेटीत जागा शिल्लक नसल्याने पत्र पोचविता येत नाही, असा स्वच्छ शेरा यंत्राने त्यावर मारलेला होता. म्हणजे आपले पत्र पोचले नाही हे कंपनीस ऑगस्टातच कळले होते, अर्जावर भावाचा मोबाइल क्रमांक होता, गावाचा संपूर्ण पत्ता होता, आणि तरीही कोणी फोन उचलला नाही, कोणी पन्नास रुपयांचे रजिस्टर टाकले नाही. आमच्या वेळी बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावक टपालाच्या, कारकुनाने परत आलेले टपाल फाइलीस लावून स्वस्थ बसण्याचे धाडस केले असते, तर त्याच दिवशी त्याच्याकडून लेखी खुलासा मागविला गेला असता. त्या तरुणास मी हे सांगितले. तो म्हणाला, “सिस्टीममधून आपोआप जातं, काका.” पाठविणारे यंत्र, परत आलेले नोंदविणारे यंत्र, आणि मुदत संपली म्हणून प्रकरण बंद करणारेही यंत्रच; त्या सगळ्या साखळीत एका शेतकऱ्याची बाग आडवी झाली आहे याची जाणीव असणारा एकही मनुष्य नव्हता.

आता माझ्याकडील बाजू. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले तेव्हा त्याने एक जीबी जागा देऊ केली आणि पत्र काढून टाकण्याची गरजच उरणार नाही, लागेल ते शोधून घ्या, वेगवेगळे लावीत बसू नका, असे आश्वासन दिले. ते आश्वासन मी मनोभावे स्वीकारले, आणि त्यात माझ्या संस्कारांचाही भाग होता. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांनी जमविलेल्या कागदांसाठी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ या गावात उभे राहिले. त्या गावात नोकरी करणाऱ्या मनुष्याला कागद फेकणे हे पाप वाटले तर त्यात नवल नाही. वाड्यांच्या माळ्यांवरून, वाळवीच्या तोंडातून राजवाड्यांनी जी पत्रे सोडवून आणली ती कोणीतरी फेकली नव्हती म्हणून मिळाली, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु साडीदुकानाची जाहिरात म्हणजे पेशवाईतले पत्र नव्हे, आणि जपणूक करणाऱ्याला निवड करावीच लागते, ही गोष्ट मी कचेरीत रोज पाळत होतो आणि घरी विसरलो.

कचेरीत आमच्याकडे सहा गठ्ठा पद्धत होती. अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकात कार्यालयीन व्यवस्थेची जी सुधारणा घडवून आणली, तिचे ‘लखिना पॅटर्न’ हे नाव आमच्या पिढीतल्या प्रत्येक कारकुनाला ठाऊक आहे. प्रत्येक टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात असला पाहिजे : ज्यावर आज कार्यवाही करावयाची ते, ज्यावर दुसऱ्याच्या उत्तराची प्रतीक्षा आहे ते, ठराविक तारखांना पाठवावयाची नियतकालिक विवरणपत्रे, नेहमी हाताशी लागणारे स्थायी आदेश, अभिलेख कक्षात रवाना करावयाची निकाली प्रकरणे, आणि नष्ट करावयाचे कागद. सातवी जागा नाही. ‘नंतर पाहू’ असा गठ्ठाच नाही. नष्ट करावयाच्या ‘ड’ वर्गाचा कागद वर्षाअखेर नष्ट झालाच पाहिजे, आणि आठवड्याच्या गोषवाऱ्यात किती आले, किती निकाली निघाले व किती शिल्लक राहिले याचा हिशेब साहेबांपुढे जावाच लागे. ही शिस्त मी इतरांना शिकविली. घरच्या पेटीला मात्र, तेथे साहेब नाही आणि गोषवारा नाही म्हणून, मी एकच गठ्ठा ठेवला, आणि तो चौदा हजारांवर गेला.

जळगावहून परतलो त्या रात्री मी साफसफाईला बसलो तेव्हा जी चूक केली ती इतरांनी करू नये म्हणून विस्ताराने सांगतो. सलग चार रात्री जागून सुमारे अकरा हजार जाहिराती मी काढून टाकल्या, आणि व्यापलेली जागा पाहिली तर ती जवळजवळ जेथल्या तेथेच होती. जाहिरातीचे पत्र हलके असते; जागा ते खात नाही. पुतण्याने दाखवून दिले, की गूगलची १५ जीबी मोफत जागा पत्रे, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून एकच आहे. १ जून २०२१ पासून फोटोही त्याच हिशेबात धरले जातात. आणि अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सअॅपच्या संभाषणांची राखीव प्रतसुद्धा २०२४ पासून त्याच जागेत मोजली जाते. माझ्या पेटीतली बहुतेक जागा नातीच्या बारशाच्या चित्रफितींनी आणि एका कौटुंबिक गटावर रोज सकाळी येणाऱ्या सुप्रभाताच्या संदेशांनी व्यापलेली होती. त्यामुळे विम्याचे स्मरणपत्र आत येऊ शकले नाही! फोनवर वरच्या बाजूस जागा संपत आल्याची सूचना महिनोन्महिने दिसत होती. ती जागा विकत घ्या अशी जाहिरात आहे, असे समजून मी ती बोटाने बाजूला सारीत असे. हा माझा दोष. मात्र पेटी भरलेली असताना कोणाकोणाची पत्रे परत गेली, हे पेटीच्या मालकाला कोणीही कळवीत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

कायद्याचे काय? माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ प्रमाणे, उभय पक्षांत वेगळे ठरलेले नसेल तर, घेणाऱ्याने नेमून दिलेल्या संगणकीय ठिकाणी पत्र शिरले की तीच त्याच्या प्राप्तीची वेळ. आपण उघडले की नाही, वाचले की नाही, जाहिरातींच्या कप्प्यात गेले की मुख्य कप्प्यात, हे तेथे विचारले जात नाही. अर्जावर आपण लिहिलेला ईमेलचा पत्ता म्हणजे आपण होऊन उघडलेली बारनिशी आहे. जुलैचे पत्र शिरले होते, म्हणून तेवढ्यापुरता मी बांधलेला आहे. ऑगस्टचे शिरलेच नाही, आणि ते पोचले असे म्हणण्याचा अधिकार कंपनीला नाही. हा मुद्दा मी लेखी मांडला आहे.

ज्यांच्या घरी असाच एखादा ‘कागदांचा माणूस’ आहे आणि ज्याच्या पत्त्यावर काका, मामा, थोरले भाऊ यांचे अर्ज भरले जातात, त्याने पहिली गोष्ट ही करावी, की सरकारी कामे, बँक, विमा आणि शेती यांसाठी एक स्वतंत्र पत्ता काढावा आणि तो दुकानदाराला, इस्पितळाच्या नोंदणीखिडकीवर किंवा रेल्वेच्या तिकिटालाही देऊ नये. माझ्या नव्या पत्त्यावर आठवड्याला दहा-बारा पत्रे येतात आणि ती सर्व वाचून होतात. जुन्या पत्त्यावरील कंपन्यांना नवा पत्ता कळविण्याचे काम कंटाळवाणे आहे, मला त्यास दीड महिना लागला, तरी ते टाळू नये.

सफाई करताना आधी वजनदार पत्रे शोधावीत : संगणकावर शोधपेटीच्या टोकाच्या चिन्हावर दाबले असता आकारमान घालून शोधता येते, दहा एमबीच्या वरची पत्रे आधी पाहावीत, फोटो व चित्रफिती वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. काढून टाकलेले पत्र कचऱ्याच्या कप्प्यात ३० दिवस राहते आणि तोवर जागा अडवून धरते. तो कप्पा स्वतः रिकामा करावा. ओळखीच्या दुकानाची जाहिरात असेल तर नोंदणी रद्द करावी, परंतु अनोळखी पाठविणाऱ्याच्या पत्रातील कोणताही दुवा दाबू नये, स्पॅम म्हणून टाकून मोकळे व्हावे. जाहिरातींचा कप्पा आठवड्यातून एकदा उघडावा, कारण कंपन्या ज्या यंत्रणेतून एकगठ्ठा पत्रे पाठवितात ती पत्रे कित्येकदा तेथेच जाऊन पडतात. मुदत लिहिलेले प्रत्येक पत्र छापून घ्यावे आणि त्यावर तारीख घालावी. सकाळी चहानंतर अर्धा तास टपालाचा ठेवावा, हे तर कोणीही सांगेल.

आणि अर्ज करताना ईमेलच्या शेजारी जेथे मोबाइल क्रमांक लिहावयाचा असतो तेथे, पत्ता ज्याचा आहे त्याचाच क्रमांक लिहावा. आमच्या अर्जावर पत्र माझ्याकडे येत होते आणि दूरध्वनी आप्पांकडे. लघुसंदेश आला असेल तर तो आप्पांनी न वाचता पुसला, आणि आला नसेल तर त्याचा पुरावा आज आमच्याजवळ नाही.

आमची तक्रार सध्या जिल्हास्तरीय तक्रार निवारण समितीकडे आहे. अर्ज देताना तेथील लिपिकाने सुनावणीची तारीख ईमेलने कळविली जाईल असे सांगितले, तेव्हा मी त्याच अर्जाच्या खाली स्वहस्ते लिहिले, की नोटीस ईमेलने तसेच स्पीड पोस्टाने आप्पांच्या गावच्या पत्त्यावर पाठवावी, आणि त्याखाली त्याची सही व शिक्क्यासह पोच घेतली. ती पोच आप्पांच्या घरी देवघराशेजारच्या फडताळात ठेवलेली आहे.