दहा कॉलेजं आणि नव्वद टक्के

कोल्हापूर, १८ ऑगस्ट

चि. सानिका हिस अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. अमेरिकेतली दहा लिबरल आर्ट्स कॉलेजं, प्रत्येकासमोर प्रवेशाचा टक्का आणि तळाशी तू केलेली बेरीज, नव्वद. ‘कुठेतरी लागणारच’ असं बाबाला सांगूनही टाकलंस म्हणे. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेल्या आत्याला असला तक्ता पाठवलास, तर आता दोन शब्द ऐकूनही घे.

शक्यतांची अशी बेरीज होत नसते. प्रत्येक ठिकाणी १० टक्के धरले, तर एका ठिकाणी नकाराची शक्यता ९० टक्के. दहाही ठिकाणी नकार येण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के. उरले ६५. पण हा गुणाकारसुद्धा दहा निकाल एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. तुझा अर्ज दहाही ठिकाणी तोच, गुण तेच, शिफारसपत्रं तीच आणि मागितलेली मदतही तेवढीच. ज्या कारणाने तुझ्या यादीतलं विल्यम्स नाही म्हणेल, त्याच कारणाने पोमोनाही म्हणू शकतं. तेव्हा ६५ चे किती खाली येतात ते मी सांगू शकत नाही, पण खाली येतात हे नक्की.

शिवाय ते मूळचे दहा टक्के तरी तुझे कुठे आहेत? विल्यम्स वर्षाला साधारण साडेपाचशे मुलं घेतं. त्यातल्या निम्म्याच्या आसपास जागा अर्ली डिसिजनमध्ये जातात, म्हणजे नोव्हेंबरमध्येच ‘घेतलंत तर येईनच’ असं लिहून देणाऱ्यांना. या कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, तरी प्रशिक्षकाच्या शब्दाला वजन असतं. दोन हजार विद्यार्थ्यांचं कॉलेज, त्यात खेळांचे तीसहून अधिक संघ, ते भरायला मुलं लागतातच. परदेशी विद्यार्थी एकूणात दहावा हिस्सा. त्यात भारतातले, आणि भारतातल्यांत आर्थिक मदत मागणारे. तू त्या शेवटच्या गठ्ठ्यात आहेस. त्या गठ्ठ्याचा टक्का कुणी छापत नाही, आणि इंटरनेटवरची प्रवेशाची शक्यता सांगणारी गणकयंत्रं तर तो गठ्ठा असतो हेच धरत नाहीत.

अंदाज बांधायला बरं साधन म्हणजे कॉमन डेटा सेट. बहुतेक कॉलेजं तो दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. त्यातल्या ‘सी ७’ मध्ये कॉलेज स्वतः सांगतं की गुण, विषयांची काठिण्यपातळी, निबंध, शिफारसपत्रं यांतलं कशाला किती महत्त्व देतं. ‘एच ६’ मध्ये किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत दिली आणि सरासरी किती दिली ते असतं. आधी एच ६ बघ. जिथे तो आकडा अगदी लहान आहे, ते कॉलेज कितीही आवडलं तरी यादीतून काढ. आणि सॅट या प्रवेशपरीक्षेचे आकडे वाचताना एक ध्यानात ठेव. परीक्षा ऐच्छिक असलेल्या कॉलेजात चांगले गुण पडलेलीच मुलं ते कळवतात, त्यामुळे छापलेला गुणांचा पट्टा मुळातच वर सरकलेला असतो.

आता पैशाचं, कारण तुझ्या बाबतीत सगळं तिथेच अडणार आहे. राहण्याजेवणासकट वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे पाऊण कोटीहून अधिक. बाबाच्या तासगावच्या द्राक्षबागेतून हे निघत नाही, हे तुलाही माहीत आहे. ॲमहर्स्ट आणि बोडन ही दोन कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीतही ‘नीड-ब्लाइंड’ आहेत. निर्णय घेताना ती तुझी ऐपत बघत नाहीत. विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना, ग्रिनेल बघतात. मात्र एकदा घेतलं की त्यांच्या हिशोबाने जेवढी गरज ठरेल तेवढी पूर्ण भागवतात. मग गरज कमी दाखवली तर नंबर लागेल का, असं तुझ्या मनात येईल. येऊ देऊ नकोस. अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढे मागता येत नाही.

सीएसएस प्रोफाइल या मदतीच्या अर्जाच्या तयारीला बाबाला आत्ताच बसव. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे शेतकऱ्याच्या रिटर्नवरून अमेरिकेतल्या माणसाला काही उमगत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचे उतारे, व्यापाऱ्याच्या हिशोबपट्ट्या, पीककर्जाचे कागद हे सगळं गोळा करा आणि गारपिटीचं वर्ष कोणतं ते एका कागदावर साध्या इंग्रजीत लिहा.

शिफारसपत्रांची मला जास्त काळजी आहे. अकरावीच्या कट-ऑफ याद्यांत वाढलेल्या मुलांना वाटतं, ९४ टक्के म्हणजे ९३ च्या पुढे. तिकडे तशी यादीच नसते. तिथला माणूस नववीपासूनच्या गुणपत्रिका बघतो आणि मग तुला ओळखणाऱ्या शिक्षकाने काय लिहिलंय ते वाचतो. तुझी दहावी एका शाळेत आणि बारावी दुसऱ्या कॉलेजात. तिथेही तुम्ही क्लासला जाता आणि कॉलेजात बहुधा हजेरीपुरतेच. तुला ओळखतं कोण? एकशेवीसच्या तुकडीतली ‘हुशार व शिस्तप्रिय’ मुलगी असं पत्र आलं, तर त्याचा काही उपयोग नाही. अर्थशास्त्राच्या मॅडमना पुढच्या आठवड्यात भेट. तू वर्गात घातलेले वाद त्यांना आठवतील, तेच लिहायला सांग. समुपदेशकाचा फॉर्म कोण भरणार ते उपप्राचार्यांना आधी विचार. बोर्डाच्या कॉलेजात तसं पद बहुधा नसतंच. बारावीचा निकाल मे महिन्यात लागणार आणि अमेरिकेतल्या कॉलेजांचे निर्णय मार्चअखेर, म्हणून अंदाजित गुणांचं पत्रही उपप्राचार्यांच्याच सहीने लागेल.

निबंधाला ६५० शब्द आहेत. गावातल्या विहिरींच्या पातळीची नोंदवही तू दोन वर्षं ठेवलीस, त्याची कृपा करून संस्था करू नकोस. बोधचिन्ह, अध्यक्षपद, ‘पाचशे लाभार्थी’ असलं काही नको. असल्या संस्था आपल्याकडे दर ऑगस्टमध्ये उगवतात आणि जानेवारीत वाळतात, आणि भारतातले अर्ज वर्षानुवर्षं वाचणाऱ्यांना त्या चांगल्या ओळखता येत असणार. कोणत्या विहिरीचं पाणी तुझ्या अंदाजापेक्षा आधी आटलं आणि का, एवढंच लिहिलंस तरी पुरे.

यादीबद्दल माझं मत. विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना या चारांतले दोन ठेव. मला विचारशील तर ॲमहर्स्ट आणि स्वार्थमोर. ग्रिनेल ठेवच. आयोवातल्या मक्याच्या शेतांत वसलेल्या या कॉलेजाकडे एवढा पैसा कसा, तर इंटेलचा सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस तिथला विद्यार्थी, पुढे विश्वस्त. कॉलेजाने इंटेलमध्ये अगदी सुरुवातीलाच पैसे गुंतवले. तिथली साधारण पाचवा हिस्सा मुलं परदेशी आहेत. मॅकॅलेस्टर आणि मुलींसाठीचं माउंट होल्योक तुझ्या तक्त्यात नाहीत, कारण त्यांचे टक्के तुला ‘जास्त’ वाटले. तोच तर त्यांचा गुण! कोफी अन्नान मॅकॅलेस्टरचे, आणि माउंट होल्योक १८३७ पासून मुलींना शिकवतंय. अर्ली डिसिजन करायचंच असेल, तर ते ग्रिनेलला कर. मदत पुरेशी मिळाली नाही तर त्या बंधनातून सुटता येतं. पण दोन ठिकाणच्या मदतीची तुलना करता येत नाही, हे कबूल असेल तरच.

इथलेही दोन अर्ज हवेत. अशोका आणि पुण्याचं फ्लेम. तिथेही शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत कर. फर्ग्युसनचा पर्याय तर आहेच. तिथून अर्थशास्त्र घेऊन पुढे एम.ए.ला परदेशी गेलेली मुलं मीच पाहिली आहेत.

नवा तक्ता कर. बेरजेची ओळ काढून टाक आणि त्या जागी एक रकाना घाल: बाबा वर्षाला खरोखर किती देऊ शकेल. तो आकडा तू त्याला विचार, मी विचारला तर तो फुगवून सांगेल. आईला सांग, गणपतीला मी दोन दिवस आधीच येते. तेव्हा मॅडमचं काय झालं ते ऐकते आणि सीएसएसचे कागद एकत्र लावू.

तुझी,
सुमनआत्या