घरातली मारहाण : आकडे काय सांगतात आणि आपण काय करावे

सभासद बंधू-भगिनींनो,

दरवेळी मी या पानावर बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांविषयी लिहितो. या वेळी विषय निराळा आहे. घरात नवऱ्याकडून बाईमाणसाला होणारी मारहाण. "ऊसवाल्या साहेबाचा याच्याशी काय संबंध?" असे कोणी म्हणेल. पण प्लॉट पाहायला मी वर्षभर तुमच्या वस्तीवर फिरतो. चहाचा कप पुढे करणाऱ्या हातावर वळ दिसतो आणि मी तिकडे न बघता लागणीची तारीख विचारतो. असे एकदा नव्हे, पुष्कळदा झाले आहे. त्याची बोच आहे, म्हणून हा लेख.

मी मूळचा रत्नागिरी तालुक्यातल्या पालीचा. आंबा घाट उतरून गेले की मुंबई-गोवा रस्त्यावरचे हे गाव. तिकडे उसाचे फड नाहीत. भात, आंबा, काजू. लहानपणी आमच्या शेजारच्या काकींच्या कपाळाला नेहमी खोक असायची. विचारले की म्हणायच्या, "काय नाय रे बाबा, पायरीवरनं घसरले." पायरी चिऱ्याची, आणि घसरायच्या फक्त काकीच. वाडीत सगळ्यांना ठाऊक होते. माझी आई हळद लावायची, पण तीही बोलली नाही. ही गप्प बसण्याची रीत आमच्या वाडीपुरती नाही, हे पुढे आकडे वाचल्यावर कळले.

१. हे मोजतात कसे?

हुमणीचे उदाहरण घेऊ. वरून ऊस हिरवा दिसतो, मुळे मात्र कुरतडलेली असतात. म्हणून आपण ठिकठिकाणी खड्डा घेऊन अळ्या मोजतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असेच करतात. निवडलेल्या घरांपैकी काही घरांत एकाच बाईला, बाजूला नेऊन, दुसरे कोणी ऐकत नसताना प्रश्न विचारतात. एकांत मिळाला नाही तर हे प्रश्न विचारायचेच नाहीत, असा नियम आहे. हा भाग राज्यापुरता मोजतात, जिल्ह्यापुरता नाही. त्यामुळे पालीचा किंवा आपल्या तालुक्याचा वेगळा आकडा कागदावर नाही.

२. आकडे

पाचवी पाहणी २०१९-२१ ची. महाराष्ट्रातली घरे २०१९ साली झाली, म्हणजे टाळेबंदीच्या आधी. १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी नवऱ्याची मारहाण किंवा शरीराची जबरदस्ती सोसलेल्या बायका दर शंभरी अशा :

महाराष्ट्र : २५.२ (आधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत २१.३)
सारा देश : २९.३ (आधी ३१.२)
कर्नाटक : ४४.४
गोवा : ८.३

देशाचा आकडा थोडा उतरला, आपल्या राज्याचा चढला, ही नोंद घ्यावी. शंभर उंबऱ्यांच्या गावात बरोबर पंचवीस घरे असा याचा अर्थ नाही. एखाद्या गावात कमी, एखाद्यात जास्त. पण "आमच्या गावात असलं काय नाही" असे छातीठोक सांगणाऱ्याने जरा थांबावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या हिशेबाप्रमाणे जगातही दर तीन बायकांत सुमारे एकीच्या वाट्याला अशी हिंसा येते. तेव्हा हा एका जातीचा, धर्माचा किंवा गरिबीचाच रोग नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाचा आकडा. देशात ज्या बायकांनी हिंसा सोसली, त्यांतल्या शंभरी सुमारे १४ जणींनीच कुणाकडे मदत मागितली. सुमारे ७७ जणींनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलेही नाही. २०२२ साली देशभरात नवरा व सासरच्यांच्या छळाचे सुमारे १ लाख ४० हजार गुन्हे नोंदले गेले. ही झाली नोंदलेल्या उसाची यादी. बिगरनोंदीचा ऊस रानात किती उभा आहे, ते तुम्हीच ताडा.

३. दारूचे निमित्त

"दारू सोडली की सगळं सुटतं," असे आपण म्हणतो. यात तथ्य आहे. नवरा वारंवार दारूच्या नशेत असतो त्या घरांत शंभरी सुमारे ७० बायकांनी मार खाल्ला आहे. पण ज्यांचे नवरे दारूला शिवतही नाहीत, त्यांतल्याही सुमारे २३ जणींनी खाल्ला आहे. म्हणजे दारू हे खतपाणी झाले, बियाणे वेगळेच. बियाणे म्हणजे "बायकोला मारायचा हक्क आहे" ही समजूत. जेवण नीट केले नाही, उलट बोलली, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, अशा सात कारणांपैकी एका तरी कारणासाठी मारणे रास्त आहे, असे शंभरी ४४ पुरुष म्हणाले आणि ४५ बायकाही म्हणाल्या. समजूत दोघांची आहे, तेव्हा ती काढायचीही दोघांनी.

४. कायदा

१९८३ साली छळाचे ४९८-अ कलम आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ कलमांत आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. दुसरा कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. यात बाईला राहत्या घरातून हुसकता येत नाही, मग घर कुणाच्याही नावावर असो. संरक्षण आदेश, पोटगी आणि मुलांचा ताबा मागता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नाही. शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येते, आणि चांगल्या हेतूने कळवले तर त्याच्यावर कसलेही बालंट येत नाही. आमच्या वाडीला तेव्हा ही सोय नव्हती. आज आहे.

५. आपण काय करावे

(अ) घरातून मारहाणीचा आवाज आला तर दार वाजवा. "पाणी कधी सोडणार?" एवढे विचारले तरी त्या वेळेपुरता हात थांबतो.
(आ) १८१ हा महिलांचा आणि ११२ हा तातडीचा क्रमांक. गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.
(इ) दुसऱ्या दिवशी त्या बाईशी एकांतात, बाईनेच बोलावे. नवऱ्यासमोर विचारले तर उत्तर "पायरीवरनं घसरले" हेच येणार.
(ई) उसाचे बिल ज्या खात्यात जमा होते, त्यावर घरधनिणीचे नावही घाला. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला महिलांचे अधिवेशन घेतले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवून बायकोचे नाव सातबारावर लावायला सांगितले. उसाच्या दरावरून आपले त्यांच्याशी वाद असतील, पण हा सल्ला सोन्यासारखा आहे. चार पैसे आणि चार गुंठे नावावर असलेल्या बाईला घर सोडावे की नाही, हे ठरवता तरी येते.
(उ) ग्रामसभेत विषय घ्या. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ऊस पिकवणारे गाव हे करू शकते, तर मारहाणीविरुद्ध ठराव आपल्यालाही अवघड नाही.

पालीच्या काकी आता हयात नाहीत. ती चिऱ्याची पायरी अजून आहे. गणपतीला घरी गेलो की तिच्यावरून चढतो-उतरतो. चांगली रुंद आहे. घसरण्यासारखी कधीच नव्हती.

पुढील अंकी खोडव्याच्या निगेविषयी लिहीन.

आपला,
ऊस विकास अधिकारी